मेलेल्यांचे ऋण हारांनी फिटत नाही

श्रावणातली गोष्ट सांगतो. आम्ही कृष्णाकाठच्या एका गावी मुलांस शिकवितो. आठ ऑगस्टचा दिवस होता. महापुरात बुडालेल्यांस श्रद्धांजली वाहावी म्हणून चावडीपुढे मांडव घातला होता. मागे मोठा फलक. फलकावर पुढाऱ्यांची तोंडे हातहातभर. आणि ज्यांच्यासाठी सभा भरली ती माणसे तळाशी ‘सर्व मृतात्मे’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेली. दोन मिनिटे लोक उभे राहिले, तीन भाषणे झाली, हार पडले, चहा झाला, मंडळी पांगली. आम्ही मुलांची रांग धरून शाळेकडे परतत होतो, तोच चौथीतल्या एका पोराने विचारले, “गुरुजी, आपल्या गावाची होडी कुठं हाय ओ?”

आम्ही त्यास घेऊन पाहावयास गेलो. होडी पंचायतीच्या मागे पालथी पडली होती. एका अंगाचा पत्रा फाटलेला. आत कोंबड्या बसलेल्या. वल्हे एकच, दुसरे कोणाच्या गोठ्यात गेले ते कोणास ठाऊक नाही. होडी बुडून मेलेल्यांची आठवण ज्या दिवशी गावाने काढली, त्याच दिवशी गावाची होडी कोंबड्यांचे खुराडे होऊन पडली होती! पोर पुढे काही बोलले नाही. आम्हांसही बोलता आले नाही. तेव्हा जे बोलता आले नाही, ते आज या पत्रातून आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढे मांडतो.

ब्रह्मनाळची हकीकत आमच्या भागात पोराटोरांस ठाऊक आहे. येरळा जेथे कृष्णेस मिळते तेथे, पलूस तालुक्यात, हे गाव. सन २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर चढले. तेथे धोक्याची खूण पंचेचाळीस फुटांची आहे. चहूकडून गाव वेढले गेले. आठ ऑगस्टच्या सकाळी बायका, म्हातारी माणसे, तान्ही लेकरे सुरक्षित जागी न्यावीत म्हणून गावातली होडी निघाली. जीव वाचवावयाची घाई. होडीत तिच्या बेतापेक्षा माणसे जास्त झाली. ती उलटली व सतरा जीव गेले. त्यांत कोणी सावकार नव्हता, कोणी पुढारी नव्हता. होती ती आपली रयत.

आता आम्ही असे विचारतो की, या सतरा जणांचे आपणांवर काही ऋण आहे की नाही? आमच्या मते आहे, आणि ते मोठे आहे. त्यांनी आपल्या प्राणांचे मोल देऊन आपणांस एक धडा शिकविला: होडी किती माणसांची आहे हे आधी ठरलेले असावे, ती आधी तपासलेली असावी, आणि पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वी माणसे हलविलेली असावीत. एवढ्या मोलाचा धडा आपण पाठ केला नाही, तर ती माणसे दुसऱ्यांदा मेली. पहिल्यांदा पाण्याने मारली, दुसऱ्यांदा आपल्या विसराळूपणाने. आणि या दुसऱ्या मरणाचा दोष नदीवर ढकलता येत नाही.

ही गोष्ट एका ब्रह्मनाळची नव्हे. सातारा आणि सांगली हे एके काळी एकाच जिल्ह्याचे दोन हात होते. सन १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला व सन १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कागदावर जिल्हे दोन झाले, परंतु नदी एकच राहिली आणि दुःखही एकच राहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला धरणी हादरली. सुमारे पावणेदोनशे माणसे घरांच्या भिंतींखाली गेली. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. वाट अरुंद, पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या, त्यात दुकानांस आग लागलेली. तीनशेच्या घरात भाविक गेले. सन २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या व घरेच्या घरे माणसांसकट गाडली गेली. याच पावसात सांगलीही पुन्हा पाण्याखाली गेली.

या चारही ठिकाणी मेले कोण? डोंगरउतारावर राहणारा कुणबी व धनगर, नदीकाठचा भोई व कुंभार, मातीच्या भिंतीआडचा मजूर, नवस फेडावयास पायी गेलेली मोलकरीण. ज्यांची घरे कच्ची त्यांचीच घरे पडतात. ज्यांच्या जागा सखल त्यांच्याच जागी पाणी भरते. संकटास जात नसते असे आपण म्हणतो, परंतु संकट ज्या वाटेने गावात शिरते ती वाट मात्र जातीने व गरिबीने आखून ठेवलेली असते. म्हणून या मेलेल्यांच्या आठवणीचा प्रश्न हा आपल्या बहुजन समाजाचा घरचा प्रश्न आहे. तो दुसऱ्या कोणी सोडवील ही आशा व्यर्थ होय.

मग आपण आजवर काय करीत आलो? आधी दहावा, मग तेरावा, मग वर्षश्राद्ध. पुरात सर्वस्व गेलेला मनुष्य व्याजाने पैसे काढून जेवणावळ घालतो, कारण न घातली तर गाव नावे ठेवील. दान कोणास? ज्यास गरज नाही त्यास. कावळा शिवला की आत्मा सुटला, आणि शिवला नाही तर आणखी खर्च! दीडशे वर्षांपूर्वी सत्यशोधकांनी हेच सांगितले की बाबांनो, मेलेल्याच्या नावाने जित्यास नागवू नका. जुना खर्च अजून पुरता गेला नाही, तोच नवा आला आहे. आता फलक आला, ध्वनिक्षेपक आला, फोटो आला, मोबाइलवरच्या मेणबत्त्या आल्या. पूर्वी मध्ये भिक्षुक उभा होता, आता मध्ये पुढारी उभा आहे. मेलेला मनुष्य तेव्हाही मागे होता, आजही मागेच आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, मग तुम्ही श्रद्धांजलीच्या विरुद्ध आहात काय? मुळीच नाही. ज्या माउलीचे लेकरू गेले तिने दिवा लावावा, रडावे, तिला हवे ते करावे. त्यात बोलावयाचा अधिकार आम्हांस नाही व कोणासही नाही. आम्ही बोलतो ते गावाविषयी. घराचे दुःख घरचे असते. ते दिव्याने हलके होत असेल तर होवो. परंतु गावाचे कर्तव्य दिव्याने पुरे होत नाही. गावाने मेलेल्यांच्या नावाने काम केले पाहिजे. हाताने, घामाने, आपखुशीने. हीच खरी श्रद्धांजली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विचार आम्ही कोठून परदेशातून आणलेला नाही. तो आपल्याच घरचा आहे. आपणच तो माळ्यावर टाकून दिला आहे. सन १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी धनकवडीस उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालविले. त्या जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. ज्या येरळेच्या संगमावर ब्रह्मनाळ वसले आहे ती येरळा याच तालुक्यात उगम पावते. सावित्रीबाई तर खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. सातारा जिल्ह्याची लेक. प्लेग पुण्यात आला तेव्हा सख्खे नातेवाईक आजाऱ्यास टाकून पळत होते. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरकडे माळावर दवाखाना घातला, आणि ही साठी उलटलेली बाई रोगी उचलून आणू लागली. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर तिने पाठीवर घालून आणले असे सांगतात. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी तिचा अंत झाला. जोतीराव जाऊन तेव्हा सहा वर्षे होऊन गेली होती. नवऱ्याचे स्मारक तिने दगडाचे केले नाही. त्याने सुरू केलेले काम मरेपर्यंत हातात धरले. याहून मोठे स्मारक कोणते असते ते आम्हांस कोणी दाखवावे.

गाडगेबाबा गावात येत, तेव्हा आधी झाडू हातात घेत व नंतर कीर्तन करीत. आधी कीर्तन व मग जमले तर झाडू, असे त्यांनी केले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींची पोरे एका पंक्तीस जेवली, व शिकता शिकता खडी फोडणे, माती वाहणे ही कामे करीत मोठी झाली. वाळव्याच्या सहकारी साखर कारखान्यास हुतात्मा किसन अहिर यांचे नाव आहे; स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्या मनुष्याचे नाव चौकातल्या पाटीवर न टांगता शेतकऱ्याच्या उसाशी व मजुराच्या भाकरीशी जोडले गेले. पाटी गंजते, भाकरी रोज खावी लागते, म्हणून नावही रोज निघते.

खानापूर तालुक्यात बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर जे धरण बांधले त्याचे नाव बळीराजा स्मृती धरण. दुष्काळाने गावे ओस पडत होती. गिरणी संपात मुंबईहून परत आलेले कामगार हात बांधून बसले होते. लोकांनी मागणी केली की आमच्या नदीतल्या वाळूवर आमचा हक्क. त्या वाळूच्या पैशांची व स्वतःच्या श्रमांची भर घालून बंधारा उभा राहिला. आणि पाण्याची वाटणी ठरविताना तत्त्व असे धरले की ज्यास जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क आहे. वामनाने पाताळी घातलेल्या आपल्या बळीचे स्मारक आपल्या लोकांनी असे केले. ‘इडा पिडा टळो’ असे वर्षातून एकदा ओवाळून म्हणणे सोपे; ती इडा टाळण्यास धरण बांधणे कठीण. त्यांनी कठीण ते केले.

श्रमदानाने काही होत नाही असे म्हणणाऱ्याने कोरेगाव तालुक्यातील वेळू गावी जाऊन यावे. सन २०१६ च्या पाण्याच्या स्पर्धेत दीड महिना उन्हात सारे गाव कुदळ-फावडे घेऊन डोंगरावर होते व पहिला क्रमांक त्या गावाने मिळविला. सन २०१८ साली तोच मान माण तालुक्यातील टाकेवाडीने घेतला. ज्या हातांनी चर खणले ते हात तुमच्या-आमच्यासारखेच होते. तेव्हा हातांत बळ नाही असे कोणी म्हणू नये. हातांस काम सांगणारे कोणी नाही, एवढेच म्हणावे.

तर मग काम कोणते? आम्ही मास्तर असल्यामुळे फळ्यावर लिहावे तसे स्पष्ट लिहितो.

प्रथम नदीकाठच्या गावांविषयी. वर्षदिन आठ ऑगस्टला येतो, परंतु पूर तोपर्यंत वाट पाहत नाही. सन २०२१ साली तो जुलैतच आला. म्हणून स्मरणाचे खरे काम मृग निघण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात झाले पाहिजे. त्या दिवशी गावाची होडी पाण्यात घालावी. भोई व सुतार बांधवांस बोलावून फाटके-तुटके पाहून घ्यावे. त्यांच्या कसबाची कदर करावी व त्यांचा सल्ला अखेरचा मानावा. वाळूची पोती भरून होडी किती भार घेते हे पाहावे. जो आकडा ठरेल तो तांबड्या रंगाने हातभर मोठा दोन्ही अंगांस लिहावा. आकडा बारा असेल तर तेरावा मनुष्य सरपंचाचा पोर असला तरी काठावर राहील, हा ठराव ग्रामसभेत आधीच व्हावा; कारण पाणी चढल्यावर ठराव होत नसतात, तेव्हा फक्त रेटारेटी होते. होडीत बसणाऱ्या प्रत्येकास अंगात घालावयाचे तरंगते जाकीट मिळाले पाहिजे. नसेल तर पंचायतीकडे लेखी मागावे व पोच घ्यावी.

दुसरे काम यादीचे. प्रत्येक आळीत जे चालू शकत नाहीत ते म्हातारे, अंथरुणास खिळलेले, दिवस गेलेल्या बाया व तान्ही लेकरे यांची यादी करावी. हे काम मास्तर, आशाताई व आळीतला एक तरुण यांनी मिळून करावे. कोरोनाच्या साथीत आम्ही मास्तर मंडळी घरोघर ताप मोजत फिरलो. तेव्हा कळले की गावातली किती म्हातारी माणसे एकटी राहतात व त्यांच्या दारी कोणी जात नाही. प्रत्येक नावापुढे दोन तरुणांची नावे असावीत की पाणी चढू लागले म्हणजे या आजीस हे दोघे उचलतील. पाणी कोठवर आले म्हणजे निघावयाचे, तेही ठरवावे. त्यासाठी २००५, २०१९ व २०२१ च्या पुराच्या रेषा शाळेच्या, देवळाच्या व पंचायतीच्या भिंतीवर रंगाने ओढाव्यात. आमच्या मते प्रत्येक गावाने उभारावे असे पहिले स्मारक म्हणजे ही रेघ होय. तीस ना पायरी लागते ना चौथरा, परंतु ती पाहून सहा वर्षांच्या पोरासही कळते की पाणी आपल्या डोक्यावरून किती गेले होते.

तिसरे, पोहणे. आमच्या वडिलांच्या पिढीस पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून विहिरीत ढकलीत. महिन्याभरात पोर मासोळी होई. पुरात गुऱ्हाळाची काहील घालून माणसे पैलतीर गाठीत. आज नदीकाठच्या पोरांस मोबाइल येतो, पोहणे येत नाही. मुलींस तर कोणी शिकवीतच नाही. आणि होडी उलटते तेव्हा बायका-पोरीच अधिक बुडतात. उन्हाळ्याच्या सुटीत जाणत्या पोहणाऱ्यांनी मुले व मुली दोघांस शिकवावे. त्याबरोबर हेही शिकवावे की बुडणाऱ्यास वाचविण्यास आंधळी उडी घेऊ नये. आधी दोर, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा. एकास वाचविताना दोघे गेले अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात.

चौथे, जनावरे. पुष्कळ कुटुंबे घर सोडीत नाहीत ती गोठ्यासाठी. दावणीच्या गाईस सोडून कोण जाईल? म्हणून उंचावरची जागा व चाऱ्याची सोय आधी ठरवावी. जनावर आधी हलले म्हणजे मनुष्य आपोआप हलतो.

डोंगरातल्या गावांचे काम निराळे. आंबेघर-मिरगावची आठवण ठेवावयाची तर पावसाळ्यापूर्वी घरामागचे चर व ओघळ मोकळे करावेत, म्हणजे पाणी उतारात मुरून माती सैल करणार नाही. जमिनीस नवी भेग पडली, झाडे वा खांब कलले, दारे एकाएकी घट्ट बसू लागली, झऱ्याचे पाणी गढूळ झाले, म्हणजे डोंगर बोलू लागला असे समजावे. ही लक्षणे पाहण्यास पोरांच्या टोळ्या कराव्यात. पोरांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते. लक्षण दिसताच रात्र होण्यापूर्वी वस्ती हलवावी. आणि मांढरदेवीसारख्या यात्रांस जाणाऱ्या तरुणांनी मेलेल्यांची आठवण म्हणून एक दिवस देवीचा नव्हे तर भाविकांचा सेवक व्हावे: चढण्याची वाट एक व उतरण्याची वाट दुसरी राहते की नाही पाहावे, पायरीवर नारळ फोडू देऊ नये, म्हाताऱ्यांस हात द्यावा. देवी असेल तर तिला हीच सेवा आवडेल. आणि नसेल तरी माणूस वाचेल.

हे सारे झाल्यावर आठ ऑगस्टला गावाने जमावे. घरच्यांची संमती घेऊन मेलेल्यांची नावे मोठ्याने वाचावीत. ‘सर्व मृतात्मे’ नव्हे, एकेक नाव, गावासह. मग होडी, यादी, रेघ यांची पाहणी व्हावी. आणि आठवड्याने, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, काय झाले व काय राहिले त्याचा हिशोब वाचावा. हाराचा खर्च होडीच्या डागडुजीस द्यावा.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. त्या न सांगू तर हा लेख निव्वळ गोड उपदेश होईल.

पहिली गोष्ट: श्रमदान म्हणजे वेठ नव्हे. आपल्या गावगाड्यात फुकट राबण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे होता हे आपण जाणतो. मेलेले ढोर ओढावे महाराने, राखण करावी रामोश्याने, दोर वळावा मांगाने. हक्क मात्र दुसऱ्याचा. महार वतन कायद्याने जावयास सन १९५८ उजाडले. आज जर ‘सेवा’ या गोंडस नावाखाली गटार उपसावयास पुन्हा त्याच आळीची पोरे उतरणार असतील व वाड्यावरची पोरे काठावरून फोटो काढणार असतील, तर ते दान नव्हे, जुनीच वेठबिगार होय. म्हणून नियम असा की ज्यास घर मोठे त्याने टोपले आधी उचलावे. ज्याचे हातावर पोट आहे त्याने अर्धा दिवस दिला तरी तो बागायतदाराच्या आठवड्याइतका मोठा आहे. ज्याजवळ ट्रॅक्टर आहे त्याने ट्रॅक्टर द्यावा, आणि रोजावर जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज गावाने वर्गणीतून भरावा. तसेच, बायकांनी माती उचलावयाची, स्वयंपाकही त्यांनीच करावयाचा आणि सत्कार मात्र पुरुषांनी घ्यावयाचा, हाही प्रकार बंद झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट: श्रमदान म्हणजे सरकारास माफी नव्हे. काही मंडळी म्हणतील की हे काम सरकारचे. आम्ही का करावे? आणि सरकारी मंडळी मनात म्हणतील, लोक करीत आहेत तर बरेच झाले! दोन्ही चूक. आपत्ती निवारणाचा कायदा सन २००५ चा आहे. होड्या, इशारा, धरणांतून पाणी सोडण्याचा मेळ, दरडीखालच्या वस्त्यांचे पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्यच आहे व ते आपल्याच कराच्या पैशांतून करावयाचे आहे. परंतु कार्यालयातून होडी निघून वाडीस पोचेपर्यंत जे दोन तास जातात, त्या दोन तासांत शेजारीच शेजाऱ्यास वाचवितो. ते तास आपले. राहिलेले सारे सरकारचे, आणि त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे. उलट ज्याने स्वतः होडी तपासली आहे, यादी केली आहे, त्याच्या प्रश्नास वजन येते. नुसता अर्ज करणाऱ्यास टोलविता येते. हातात हिशोब घेऊन उभ्या राहिलेल्या गावास टोलविणे कठीण जाते.

तिसरी गोष्ट: मदतीचा गाजावाजा नको. २०१९ च्या पुरात तांदळाच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटविलेले महाराष्ट्राने पाहिले. फाटक्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेस कुजले. परंतु त्याच पुरात कित्येक अनोळखी तरुणांनी परगावाहून येऊन घराघरांतला गुडघाभर चिखल उपसला व नाव न सांगता निघून गेले. कुंभाराचे रंगविलेले गणपती चिखलात विरघळले होते. त्याच्या अंगणातला गाळ काढून देणारा कोण कोणत्या जातीचा होता हे त्या कुंभारास आजही ठाऊक नाही. आम्हांस तोच खरा सत्यशोधक वाटतो.

जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीपाशी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून उभे राहिले व गोळ्या अंगावर घेऊन साथीदारांस वाचविले. शेतकऱ्याच्या घरचा हा गडी. त्यांचा पुतळा अवश्य असावा. परंतु पुतळ्यास हार घालणारा हात संकटाच्या वेळी मागे सरत असेल, तर तो हार कशास? मेलेल्यांचा मान हा जित्यांच्या वागण्यात दिसला पाहिजे.

त्या चौथीतल्या पोराचे पुढे काय झाले ते सांगून पुरे करतो. दुसऱ्या दिवशी त्याने व त्याच्या सोबत्यांनी खुराड्यातल्या कोंबड्या हुसकल्या. सुताराने पत्रा व फळी बसविली. मजुरी घेतली नाही, परंतु दोन पोरांस हाताशी धरून काम शिकविले. दुसरे वल्हे एका गोठ्यात सापडले, त्यास वैरण टांगली होती. होडी आता सुलटी आहे. तिच्यावर आकडा लिहिला आहे. तो आकडा त्या पोराने स्वतःच्या हाताने काढला, म्हणून थोडा वाकडा आहे; परंतु लांबून वाचता येतो.

बांधवांनो, तुमच्या गावाची होडी कोठे आहे ते आजच जाऊन पाहा.

— एक खेडवळ मास्तर